व्हिएन्नाची संग्रहालये आणि एका घराण्याची हौस

व्हिएन्नाला जाणाऱ्यांच्या याद्यांमध्ये संग्रहालये भरपूर असतात, मात्र ती बहुधा सुटी सुटी मांडलेली असतात: चित्रे एका दिवशी, जडजवाहीर दुसऱ्या दिवशी, राजवाडा जमेल तेव्हा. वास्तविक या शहरातील मोठ्या संग्रहांपैकी पुष्कळसे एकाच घराण्याच्या मालमत्तेतून उभे राहिले आहेत. हाब्सबुर्गांनी ऑस्ट्रियावर सहा शतकांहून अधिक काळ राज्य केले, लग्ने जुळवली, आहेर घेतले आणि दिले, वारशात आलेले जपले आणि उरलेल्या वेळात हौसेपोटी वाटेल ते गोळा केले. १९१८ मध्ये साम्राज्य बुडाले, १९१९ मध्ये प्रजासत्ताकाने कायदा करून राजघराण्याची मालमत्ता आपल्याकडे घेतली, आणि आज आपण तिकीट काढून जे पाहतो त्यातला मोठा भाग तोच आहे. कोणती वस्तू कोणी, कोणाकडून आणि कशासाठी मिळवली, एवढे विचारत फिरले, तर दालनामागून दालने पाहून येणारा शीण बराच कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात रिंगश्ट्रासे या जुन्या शहराला वळसा घालणाऱ्या रुंद रस्त्यावरील दोन जुळ्या इमारतींपासून करावी. गोटफ्रीड झेम्पर आणि कार्ल फॉन हाझेनाउअर या वास्तुकारांनी त्या आखल्या; निसर्गविज्ञान संग्रहालय १८८९ मध्ये उघडले आणि समोरचे कलेतिहास संग्रहालय, म्हणजे कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम, १८९१ मध्ये. मधल्या बागेत अठराव्या शतकातील हाब्सबुर्ग महाराणी मारिया थेरेसा हिचा सिंहासनावर बसलेला पुतळा आहे. मूळ योजना याहून मोठी होती. ही दोन्ही संग्रहालये रस्त्यापलीकडच्या हॉफबुर्ग राजवाड्याशी जोडून एक प्रचंड चौक उभा करायचा होता, पण त्याचा एकच बाहू बांधून झाला आणि दुसरा कायमचा कागदावर राहिला. मला तर ते बरेच झाले असे वाटते. पूर्ण झालेल्या चौकात माणसाला श्वास घ्यायला जागा उरली नसती.

कलेतिहास संग्रहालयाच्या जिन्यातच बराच वेळ जातो. मधल्या टप्प्यावर शिल्पकार कानोव्हाचा संगमरवरी थीसियस, म्हणजे ग्रीक पुराणातील वीर, सेंटॉर या अर्ध्या माणूस-अर्ध्या घोड्यावर सोटा उगारून उभा आहे, आणि त्याच्या वर, खांब आणि कमानी यांच्यामधल्या त्रिकोणी जागांत, नाव होण्याआधीच्या गुस्ताव क्लिम्ट या व्हिएन्नाच्या चित्रकाराने १८९०-९१ मध्ये केलेली चित्रे आहेत. ती इतक्या उंचावर आहेत की मान दुखेपर्यंत वर पाहावे लागते.

पहिल्या मजल्यावर पीटर ब्रूगल या फ्लेमिश चित्रकाराची जेवढी चित्रे एकत्र आहेत तेवढी जगात अन्यत्र कोठेही नाहीत. त्यातील ‘बर्फातील शिकारी’ हे १५६५ सालचे चित्र छापील स्वरूपात आपण सर्वांनी पाहिलेले असते, म्हणून बरेच जण मूळ चित्रासमोर मिनिटभरच थांबतात. वास्तविक छापील चित्रात जे हरवते तेच तेथे पाहायचे असते. तीन शिकारी पाठमोरे चालले आहेत आणि दिवसभराच्या मेहनतीचे फळ म्हणून एकाच्या खांद्यावरील भाल्याला एक किरकोळ कोल्हा लटकला आहे. मागची कुत्री माना टाकून येत आहेत. डावीकडच्या खानावळीची पाटी एका आकड्यावरून सुटून तिरकी झाली आहे आणि तिच्याखाली चाललेल्या जाळाच्या ज्वाळा वाऱ्याने आडव्या झाल्या आहेत. खाली गोठलेल्या तळ्यांवर लोक घसरत, पडत, खेळत आहेत. पुलावरून एक बाई काटक्यांचा भारा घेऊन चालली आहे. आणि फार दूर, जेमतेम नखाएवढ्या जागेत, एका घराच्या धुराड्याला आग लागली असून माणसे शिडी घेऊन धावत आहेत. ही धावपळ छापील चित्रात माझ्या नजरेतून नेहमीच निसटली होती. अँटवर्पच्या एका व्यापाऱ्याने आपल्या घरासाठी करवून घेतलेल्या ऋतुचित्रांच्या मालिकेतील हे एक चित्र. १५९४ मध्ये अँटवर्प शहराने ही मालिका तेथे राज्यपाल म्हणून आलेल्या आर्चड्यूक, म्हणजे हाब्सबुर्ग राजपुत्र, एर्न्स्टला नजर केली. तो पुढच्याच वर्षी वारला आणि चित्रे त्याचा भाऊ सम्राट दुसरा रुडोल्फ याच्याकडे गेली. मालिकेतील पाच चित्रे आज शिल्लक आहेत व त्यांतील तीन याच दालनात आहेत.

याच मजल्यावर सतराव्या शतकातील डच चित्रकार व्हर्मीरचे ‘चित्रकला’ हे चित्र आहे, आणि ते मात्र घराण्याच्या संग्रहातले नव्हे. ते एका सरदार कुटुंबाकडे होते, त्यांच्याकडून १९४० मध्ये हिटलरने विकत घेतले, युद्धाच्या अखेरीस ते आल्टआउसेच्या मिठाच्या खाणीत लपवलेले सापडले आणि तेथून या संग्रहालयात आले. तरीही घराणे येथेही हजर आहे, फक्त वर पाहायला हवे. चित्रातील चित्रकाराच्या डोक्यावर लटकलेल्या पितळी झुंबराच्या माथ्यावर दोन तोंडांचा गरुड आहे, तो हाब्सबुर्गांचा. झुंबरात एकही मेणबत्ती नाही. हे चित्र रंगवले गेले तेव्हा उत्तर नेदरलँड्स त्या घराण्याच्या सत्तेतून अधिकृतपणे बाहेर पडून जवळजवळ वीस वर्षे झाली होती, हे ठाऊक असले की ते विझलेले झुंबर वेगळेच दिसू लागते.

खालच्या मजल्यावरील ‘कुन्स्टकामर’, म्हणजे राजेलोकांचे अजबखाने जेथे एकत्र केले आहेत तो विभाग, घाईत वगळला जातो. तसे करू नये. बेनव्हेनूतो चेल्लिनी या इटालियन सोनाराने फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिससाठी १५४० ते १५४३ या काळात घडवलेले सोन्याचे मीठदान तेथे आहे: एका बाजूला समुद्राचा देव आणि मिठासाठी होडी, समोर पृथ्वी आणि मिरीसाठी छोटेसे मंदिर. फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याचे लग्न हाब्सबुर्ग राजकन्येशी झाले तेव्हा तिच्याच घराण्यातील तिरोलच्या फर्डिनांडने विवाहविधीत वराचा प्रतिनिधी म्हणून उभे राहण्याचे काम केले होते, आणि त्याबद्दल मिळालेल्या भेटींत हे मीठदान होते. ११ मे २००३ रोजी पहाटे इमारतीला बांधलेल्या परांचीवरून चढून एका चोराने ते पळवले. धोक्याची घंटा वाजली होती, पण ती उगाच वाजली असावी असे समजले गेले. जानेवारी २००६ मध्ये ते त्स्वेट्ल गावाजवळच्या जंगलात शिशाच्या पेटीत पुरलेले सापडले. आज काचपेटीभोवती फिरताना पाहण्यासारखा तपशील असा की दोन्ही आकृतींचे पाय एकमेकांत गुंतलेले आहेत; समुद्र आणि जमीन एकमेकांत कशी शिरलेली असतात ते दाखवण्यासाठी सोनाराने ही युक्ती केली.

बाग ओलांडून निसर्गविज्ञान संग्रहालयात गेले की लहान मुले डायनोसॉरकडे धावतात आणि मोठी माणसे विलेनडोर्फच्या व्हीनसकडे. १९०८ मध्ये डॅन्यूबच्या काठी उत्खननात सापडलेली, सुमारे ११ सेंटीमीटर उंचीची ही चुनखडीची स्त्रीमूर्ती जवळजवळ ३०,००० वर्षांपूर्वीची आहे आणि तिच्यासाठी स्वतंत्र, अंधारी खोली राखलेली आहे. तिला चेहरा नाही. डोक्यावर ओळीने वळत गेलेली, टोपीसारखी किंवा वेण्यांसारखी दिसणारी वीण आहे. मला मात्र या इमारतीत अधिक वेळ खनिजांच्या दालनांत घालवावासा वाटतो. जुन्या लाकडी काचपेट्या, हाताने लिहिल्यासारख्या चिठ्ठ्या, एकामागून एक दगड. या संग्रहाचा पाया मारिया थेरेसाच्या पतीने, फ्रान्झ श्टेफानने घातला. सुमारे १७५० मध्ये त्याने फ्लॉरेन्सच्या एका संग्राहकाकडून ३०,००० नमुने एकगठ्ठा विकत घेतले. राज्यकारभार बायको पाहत होती आणि हे गृहस्थ दगड, शिंपले आणि नाणी यांत रमले होते. बायकोने त्याला दिलेला रत्नांचा गुच्छ याच दालनांत आहे. त्यात दोन हजारांहून अधिक हिरे असून फुलांवर रत्नांचेच किडे बसलेले आहेत. दगडांत रमणाऱ्या नवऱ्याला यापेक्षा योग्य भेट सुचणे कठीण.

नियोजनाविषयी येथेच सांगून टाकते. व्हिएन्नात सर्व संग्रहालये एकाच वारी बंद नसतात. निसर्गविज्ञान संग्रहालयाची सुट्टी सहसा मंगळवारी असते, तर समोरचे कलेतिहास संग्रहालय उन्हाळ्याचे महिने सोडले तर सोमवारी बंद असते. म्हणून जाण्यापूर्वी वेळापत्रक पाहावेच. राष्ट्रीय संग्रहालयांत १९ वर्षांखालील सर्वांना प्रवेश विनामूल्य आहे. पाठीवरची पिशवी आणि ओला कोट आत नेऊ देत नाहीत, ते क्लोकरूममध्ये ठेवावे लागतात. जोडीने दोन्ही इमारती एका दिवसात पाहण्याचा मोह होतो, तो आवरलेला बरा.

हॉफबुर्गमधील राजकोष हा आकाराने लहान आणि म्हणूनच सुखाचा. दहाव्या शतकातील अष्टकोनी शाही मुकुट तेथे आहे आणि १६०२ मध्ये प्रागला घडवलेला रुडोल्फचा मुकुटही. परंतु घराण्याचा स्वभाव कळतो तो दोन वेगळ्या वस्तूंवरून. सम्राट पहिला फर्डिनांड १५६४ मध्ये वारल्यावर मुलांनी वाटण्या केल्या, तेव्हा एक अकीकाचा वाडगा आणि एक ‘एकशिंगीचे’, म्हणजे एका शिंगाच्या काल्पनिक घोड्याचे, शिंग यांची वाटणी कधीही करायची नाही, ती विकायची नाहीत आणि कोणाला द्यायची नाहीत, असे ठरवले. वाडगा येशूच्या अंतिम भोजनातील पवित्र पात्र असल्याची समजूत होती. माणसाहून उंच असलेले शिंग प्रत्यक्षात नारव्हाल या समुद्री प्राण्याचा सुळा आहे. सोन्यानाण्याची वाटणी चालेल पण सुळ्याची नाही, असे म्हणणाऱ्या माणसांविषयी कुतूहल वाटल्याशिवाय राहत नाही.

तेथून चालत पाच मिनिटांवर राष्ट्रीय ग्रंथालयाचे भव्य दालन आहे. मारिया थेरेसाचा पिता सम्राट सहावा कार्ल याच्या आज्ञेवरून १७२३ ते १७२६ या काळात ते बांधले गेले. आराखडा वास्तुकार थोरल्या फिशर फॉन एरलाखचा आणि बांधकाम त्याच्या मुलाचे. लांबी जवळजवळ ८० मीटर, आणि मधल्या घुमटाखाली स्वतः सम्राटाचा पुतळा. सुमारे दोन लाख ग्रंथांपैकी हाब्सबुर्गांचा सेनापती साव्हॉयचा प्रिन्स ऑयगेन याचे १५,००० ग्रंथ मधल्या भागात आहेत आणि ते बांधणीच्या रंगावरून ओळखता येतात: इतिहास आणि साहित्य लाल चामड्यात, धर्मशास्त्र आणि कायदा निळ्यात, निसर्गशास्त्रे पिवळ्यात. पुस्तक उघडण्यापूर्वीच विषय कळावा ही सोय मला सोनेरी नक्षीपेक्षा जास्त आवडली. काही कपाटे दारासारखी उघडतात आणि मागे खिडकी असलेल्या लहान खोल्या आहेत.

योसेफिनुम या वैद्यकीय संग्रहालयाला अजून तुलनेने कमी लोक जातात. मारिया थेरेसाचा मुलगा सम्राट दुसरा योसेफ याने लष्करी शल्यवैद्यांच्या शिक्षणासाठी १७८५ मध्ये ही संस्था स्थापन केली आणि फ्लॉरेन्सहून मेणाच्या शरीररचना मागवल्या. अशा ११९२ प्रतिकृती खेचरांच्या पाठीवरून आल्प्स ओलांडून आल्या आणि पुढे डॅन्यूबमधून नावेने व्हिएन्नाला पोहोचल्या. अजूनही त्या मूळच्या लाकडी काचपेट्यांत आहेत. स्नायू, शिरा आणि लसीकावाहिन्या एकेका धाग्याप्रमाणे घडवलेल्या आहेत, आणि पोट उघडे असलेल्या एका निजलेल्या स्त्रीच्या गळ्यात मोत्यांची माळ घातलेली आहे. शिकण्यासाठी केलेल्या वस्तूला सुंदर दिसण्याची गरज का वाटली असावी, हा प्रश्न घेऊन मी बाहेर पडले. ज्यांना अशी दृश्ये सोसत नाहीत त्यांनी येथे जाऊ नये.

घराण्याच्या छायेबाहेरची ठिकाणेही आहेत. सेसेशन या कलाकारांच्या संघटनेच्या प्रदर्शनगृहाच्या तळघरातील क्लिम्टची ३४ मीटर लांबीची बेथोव्हन भित्तिचित्रपट्टी १९०२ च्या एका प्रदर्शनापुरती केलेली होती आणि नंतर काढून टाकायची होती, ती वाचली. बेर्गगासे १९ येथील, मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्या घरात, जेथे तो १८९१ पासून १९३८ मध्ये देश सोडावा लागेपर्यंत राहिला, बहुतेक खोल्या मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आहेत, कारण रुग्णांना निजवण्याचा त्याचा प्रसिद्ध कोच लंडनला गेला तो तेथेच आहे. सोन्याने मढलेल्या दालनांनंतर ही रिकामी घरे पाहणे आवश्यक वाटते.

शोनब्रुन राजवाडा शेवटी ठेवावा आणि तिकीट काढताना ‘मिलियन रूम’ त्यात आहे ना, हे विचारून घ्यावे, कारण फेरीचे लांब आणि आखूड असे प्रकार आहेत. मौल्यवान लाकडाने मढवलेल्या या खोलीच्या भिंतींवर वेड्यावाकड्या सोनेरी चौकटी आहेत आणि त्यांत मुघल दरबाराची लघुचित्रे बसवलेली आहेत. चौकटींचे आकार वाकडे आणि चित्रे आयताकार, म्हणून राजघराण्यातील मंडळींनी स्वतः कात्री घेऊन ती कापली आणि तुकडे जुळवून नवी दृश्ये केली. जवळून पाहिले की हत्तीवर बसलेला माणूस आणि मागची बाग एका कागदावरची नाहीत, हे सांधा पाहून कळते. हौस, पैसा आणि बेफिकिरी यांचे इतके स्पष्ट दर्शन इतर कोणत्याही दालनात होत नाही. एकीकडे वाईट वाटते आणि दुसरीकडे, कापले नसते तर ही चित्रे आज भिंतीवर दिसली असती का, हेही मनात येते. न कापलेली मुघल चित्रे पाहायची तर शहरातच माक या उपयोजित कलांच्या संग्रहालयाकडे अकबराने करवून घेतलेल्या हम्झानामा या सचित्र साहसकथा-ग्रंथाची ६० पाने आहेत, कापडावर रंगवलेली आणि पाठीमागे मजकूर असलेली, १८७३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने घेतलेली. प्रकाशाने रंग उतरतात म्हणून ती कायम मांडलेली नसतात, तेव्हा आधी चौकशी करून जावे.