बेंची रस्त्यावरचं घर

फ्लॉरेन्सच्या कथीड्रलमध्ये सगळ्यांच्या माना घुमटाकडे वळलेल्या असतात. मी भिंतीवरचा एक अर्धपुतळा शोधत होते: पंधराव्या शतकातला तत्त्वज्ञ मार्सिलिओ फिचिनो याचा, आंद्रेआ फेरुच्चीनं घडवलेला. हातातला जाडजूड ग्रंथ त्यानं असा धरलाय की वाटावं, आत्ता तारा छेडेल.

फिचिनो वैद्याचा मुलगा, पुढे धर्मगुरू झाला आणि लायर हे तंतुवाद्य वाजवून गायचाही. १४८९ सालच्या ग्रंथात तो म्हणतो, गाणं म्हणजे ऊबदार, जिवंत हवा. शरीर आणि आत्मा यांना जोडणारं आपल्यातलं तत्त्वही तसंच वायुरूप, म्हणून सूर थेट तिथवर पोचतो. चित्र डोळ्यांपुढे स्थिर राहतं. सूर हलतो आणि ऐकणाऱ्यालाही हलवतो.

तिथून चालत सांता क्रोचेजवळच्या बेंची रस्त्यावर आले. इथल्या वाड्यात काउंट जोव्हानी बार्दींकडे १५७०-८० च्या सुमारास जाणकारांची बैठक भरायची. त्यांना एकच प्रश्न छळत होता. ग्रीकांचं गाणं ऐकून चवताळलेली माणसं शांत होत, असं जुने ग्रंथ सांगतात. मग आपलं अनेक आवाजांचं गाणं एवढं कसबी असून काळजाला का भिडत नाही? रोमहून ग्रीक संगीताचा अभ्यासक जिरोलामो मेई पत्रांतून सांगत होता की ग्रीक एकाच सुरावटीत गात. बैठकीतल्या विन्चेन्झो गालिलेईनं, म्हणजे गॅलिलिओच्या वडिलांनी, १५८१ च्या ग्रंथात तोच धागा पुढे नेला. चार आवाज एकाच वेळी चार वाटांनी गेले, एक चढला आणि दुसरा उतरला, की एकाचा परिणाम दुसरा पुसून टाकतो, शब्दही कळेनासे होतात. संगीतकारांनो, नाटकाला जा, मालक नोकराशी कसा बोलतो, चिडलेल्याचा आवाज कुठे चढतो ते ऐका, हा त्याचा सल्ला.

एकाच गळ्याच्या गाण्यावर वाढलेल्या मला हे पटवून द्यावं लागलं नाही. एकच ओळ घोळवत गायक ती दर वेळी वेगळी दुखरी करतो, हे लहानपणापासून ऐकलंय. अनेक आवाजांचं संगीत माणसाला हलवत नाही, हे मात्र मला मान्य नाही. तिथे विन्चेन्झो हट्टाला पेटला होता.

पण त्यानं नुसता वाद घातला नाही. १५८२ मध्ये कवी दान्तेच्या काव्यातला उगोलिनो, मनोऱ्यात कोंडलेला, डोळ्यांदेखत मुलं भुकेनं मरताना पाहणारा बाप, त्यानं एका आवाजात, व्हायोल या गजानं वाजवायच्या तंतुवाद्यांच्या साथीनं गाऊन दाखवला. ती चाल आता हरवली आहे. वाड्याचं दार बंद होतं. समोरच्या फुटपाथवर मी बराच वेळ उभी राहिले.