तुम्ही विचारलंत म्हणून : गाव खरंच स्वयंपूर्ण होऊ शकतं का?

ग्रामस्वराज्याचा विषय निघाला की मला हमखास विचारलं जातं, ‘मीठ, लोखंड, मोबाइल सगळं बाहेरून आणणारं गाव स्वयंपूर्ण कसं होणार?’

सगळंच गावात पिकावं, असं गांधीजींनीही म्हटलं नव्हतं. १९४२ साली ‘हरिजन’मध्ये त्यांनी मांडलेलं गाव जगायला लागणाऱ्या गोष्टींसाठी शेजाऱ्यांवर विसंबत नाही, पण जिथे एकमेकांवाचून भागत नाही, तिथे ते परस्परावलंबीच आहे. हा दुसरा भाग आपण विसरतो.

मला छळतो तो वेगळाच प्रश्न. माझे आजोबा सुतार, बलुतेदार. वर्षभर लोकांचे नांगर, तिफणी दुरुस्त करायच्या आणि सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं. पदरात किती पडेल, ते देणाऱ्याच्या मर्जीवर. जुनं गाव बऱ्याच अंशी स्वयंपूर्ण होतं ते अशा उभं राहणाऱ्यांच्या जिवावर. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांचे हाल तर विचारूच नका. ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्यातल्या अज्ञानावर आणि संकुचितपणावर कोरडे ओढले, ते मला पूर्ण पटतं. त्या गावात मला परत जायचं नाही.

तरी ग्रामस्वराज्यावरचा माझा विश्वास टिकून आहे, तो मेंढा (लेखा)मुळे. गडचिरोली जिल्ह्यातलं हे छोटं गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. ग्रामसभेत निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. सगळ्यांचं पटेपर्यंत बोलत राहायचं. वेळ लागतो, लागू दे. २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू वाहून नेण्याचा परवाना वनखात्याच्याच हातात होता. २०११मध्ये तोही ग्रामसभेकडे आला आणि गाव स्वतःचा बांबू स्वतः विकू लागलं.

म्हणजे बांबू बाहेर जातो, मीठ बाहेरून येतं. पण किती तोडायचा, कुणाला विकायचा, आलेल्या पैशांचं काय करायचं, हे गाव एकत्र बसून ठरवतं. तिथे कुणाला खळ्यावर ताटकळावं लागत नाही. स्वयंपूर्ण म्हणजे मला एवढंच अभिप्रेत आहे.

आमच्या गावात अजून ग्रामसभेचं रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरतं. गेल्या खेपेला ते दारात आलं, तेव्हा मी सही केली नाही. सभा कधी आहे, ते विचारलं.