मेश फाटते तिथे कण कामाला येतात

हाय-स्पीड इम्पॅक्टचं सिम्युलेशन करताना आधी जीव जातो तो मेशचा, म्हणजे वस्तूचे छोटे छोटे भाग (एलिमेंट) करून बनवलेल्या जाळीचा. गोळी प्लेटमध्ये घुसायला लागली की एलिमेंट इतके पिळवटतात की टाइमस्टेप (गणित एका वेळी जेवढा काळ पुढे सरकतं तो टप्पा) शून्याकडे जातो आणि रन अडकतो, मग लोक इरोजन लावतात, म्हणजे ठरावीक स्ट्रेनच्या (आकार किती ताणला-पिळला गेला त्याच्या मापाच्या) पुढे गेलेला एलिमेंट सरळ डिलीट. रन पुढे सरकतो खरा, पण ते मटेरियल गेलं कुठे? प्लेट आरपार होते का एवढंच बघायचं असेल तर एक वेळ चालेल. व्हिपल शील्डला, म्हणजे अवकाशयानाच्या संरक्षक कवचाला, अजिबात चालत नाही.

फ्रेड व्हिपलनं 1947 मध्ये सुचवलेली ही कल्पना, यानाच्या भिंतीपुढे थोडं अंतर सोडून एक पातळ पत्रा. सेकंदाला 10 किमीच्या आसपास वेगानं आलेला अवकाशातल्या कचऱ्याचा कण त्या पत्र्यावर आदळला की त्याचा चुरा होतो, काही भाग वितळतोसुद्धा, आणि तो ढग पसरत पसरत मागच्या भिंतीवर पडतो. भिंतीला धोका याच ढगाचा आणि इरोजनमध्ये आपण नेमका तोच पुसून टाकतो.

म्हणून मला एसपीएच (स्मूद्ड पार्टिकल हायड्रोडायनॅमिक्स) आवडतं. 1977 मध्ये ताऱ्यांच्या गणितासाठी निघालेली ही पद्धत, यात मेश नाहीच, प्रत्येक कणाला स्वतःचं वस्तुमान असतं आणि तो स्मूदिंग लेंग्थच्या (शेजार किती लांबपर्यंत धरायचा त्या अंतराच्या) टप्प्यातल्या शेजाऱ्यांकडून घनता, दाब वगैरे काढतो. शेजारी लांब गेले की तुटणं आपोआप होतं आणि वस्तुमान कुठे हरवत नाही.

पण इथेच खरी सावधगिरी हवी. मटेरियल ताणाखाली असताना कण आपणहून गुठळ्या करतात, मधे फटी पडतात आणि स्क्रीनवर ते अगदी खऱ्या फ्रॅक्चरसारखं दिसतं, फेल्युअर मॉडेल (मटेरियल कधी तुटायचं ते ठरवणारा भाग) बंद असलं तरी! याला टेन्साइल इन्स्टेबिलिटी म्हणतात, 1995 मध्ये स्वेगल आणि सहकाऱ्यांनी ती नीट मांडली. आर्टिफिशियल स्ट्रेस (कणांना गुठळ्या करू न देणारा कृत्रिम जोर) किंवा टोटल लॅग्रांजियन (सगळं गणित सुरुवातीच्या आकारावरून करणं) वापरून ती बरीच आवरता येते, तरी एक रन फेल्युअर बंद ठेवून कराच, त्यात तुकडे दिसले तर ते मटेरियलचे नाहीत, पद्धतीचे आहेत.

आणि प्लीज, पत्र्याच्या जाडीत दोन-तीनच कण ठेवून तुकड्यांची संख्या रिपोर्टमध्ये टाकू नका. कण बारीक केले की तो आकडा बदलतो. भोकाचा व्यास त्या मानानं लवकर स्थिरावतो, आणि गॅस गनच्या (दाबलेल्या वायूनं गोळी डागणाऱ्या बंदुकीच्या) टेस्टशी ताडून बघायलाही तोच सोपा.