भोंगा

मी भोंग्याच्या बटणावरचं बोट मध्येच उचललं होतं की नाही, एवढाच प्रश्न आहे. उचललं असेल तर सेकंदभर, फार तर दीड. ऑगस्टमधल्या त्या शनिवारपासून मी हे आठवायचा प्रयत्न करतोय, आणि जितका करतोय तितकं कमी आठवतंय.

मी ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात राहतो, मेलबर्नपासून तीनेकशे किलोमीटरवर, हॉर्शमच्या बाजूला. या भागाला विमेरा म्हणतात. ताटासारखी सपाट जमीन. गहू, बार्ली, कनोला हे तेलबियांचं पीक आणि मसूर. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलो आणि आता इथल्या शेतकऱ्यांना मसुरावर सल्ले देतो. डिसेंबर २०१७ मध्ये भारताने मसूर आणि हरभऱ्यावर ३० टक्के आयात शुल्क लावलं, तेव्हा मी इथे नवा होतो. गावातल्या खेळाच्या क्लबच्या बारमध्ये तिघांनी मला असा जाब विचारला, जणू दिल्लीतल्या फायलीवर सही माझीच होती. त्याच रात्री सेक्रेटरीने विचारलं, ‘घड्याळ वाचता येतं ना?’ असा मी टाइमकीपर झालो.

खरं तर काम नवं नव्हतं. कॉलेजात खो-खोच्या सामन्यांना मी वेळाधिकारी म्हणून बसायचो. पळणारा गडी दोन मिनिटं दहा सेकंद खेळला की बारा, यावरून माणसं अंगावर येतात हे मला तेव्हापासून माहीत आहे.

गावातली बँक गेली, किराणा दुकान गेलं, शाळा कशीबशी टिकून आहे. उरलाय तो फूटी-नेटबॉल क्लब. फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल. एप्रिलमध्ये पेरणी आणि सीझन एकदमच सुरू होतात, त्यामुळे पहिले काही आठवडे अर्धी टीम ट्रॅक्टरवरून थेट मैदानात उतरते. शनिवारी सकाळी पोरांचे सामने, मग राखीव संघ, दुपारी सीनियर्स. बाजूच्या कोर्टांवर दिवसभर बायकामुलींचं नेटबॉल. गुरुवारी सराव आणि एकत्र जेवण. सप्टेंबरात फायनल्स. मध्ये अठरा माणसांचा संघ भरायला अठरा माणसं सापडणं, हीच खरी स्पर्धा. दोन गावांचे क्लब एकत्र करून नावात जोडरेघ घालायची वेळ आजूबाजूला अनेकांवर आली आहे. आमच्यावर अजून आलेली नाही, असं आम्ही जरा जास्तच वेळा म्हणतो.

फूटीचा खेळ थोडक्यात सांगतो. मैदान अंडाकृती, कारण ते मुळात क्रिकेटचं. क्रिकेटवाल्यांनी हिवाळ्यात अंग सैल सोडू नये म्हणून काहीतरी खेळ हवा, असं टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये वर्तमानपत्रात पत्र लिहून सुचवलं. १८५९ मध्ये मेलबर्नमध्ये नियम कागदावर आले. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर बिहाइंड, एक गुण. किमान पंधरा मीटर आलेली किक हवेतच स्वच्छ झेलली तर तो मार्क, मग तुम्हाला कुणी न अडवता किक मारायला मिळते. आणि मार्क भोंगा वाजण्याआधीचा असेल, तर किक भोंग्यानंतर मारली तरी चालते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

आमच्या लीगमध्ये क्वार्टर वीस मिनिटांचा, पण खेळत्या वीस मिनिटांचा. गोल झाला की घड्याळ थांबतं ते मध्यभागी चेंडू पुन्हा टप्पा घेईपर्यंत. कुणी आडवा झाला, चेंडू कुंपणापलीकडे शेळ्यांत गेला, की अंपायर शिट्टी मारून हात वर करतो आणि आम्ही थांबवतो. वीसचे सत्तावीस कधी होतात ते बाहेरच्या कुणालाच नेमकं कळत नाही. दोन क्लबांचे दोन टाइमकीपर, दोन घड्याळं, एक टेबल. थांबवताना हात वर करून परत सुरू करताना दुसऱ्यांदा न करणारा अंपायर म्हणजे आमच्यासाठी शिक्षा असते. परत सुरू करायचं की नाही ते त्याच्या चालण्यावरून ओळखावं लागतं. लोक खिडकीतून डोकावून ‘किती राहिले?’ विचारतात. मी सांगत नाही. माझ्या शेजारी बसणारी बाई नेहमी एकच उत्तर देते: ‘पुरेसे.’

ही बाई त्या शनिवारी आलेल्या पाहुण्या क्लबची. पंचाहत्तरीची असेल. तीसहून जास्त वर्षं हेच काम करतेय. स्वतःची उशी आणते, स्वतःचा थर्मास आणते, आणि बोलताना पूर्ण मान वळवून तोंडाकडे बघते. मी तिला मनातल्या मनात आत्या म्हणतो. तिच्यासारखा काटेकोर माणूस मी विद्यापीठातही पाहिला नाही.

तो साखळीतला शेवटचा सामना. आमचे आणि पाहुण्यांचे गुण सारखे. जिंकेल तो पाचवा, म्हणजे फायनल्समध्ये, हरेल त्याचा सीझन संपला.

मध्यंतरात फ्यूज उडाला. कॅन्टीनमध्ये मीट-पाय गरम करायचा ओव्हन, चिप्सची कढई आणि चहाच्या पाण्याचा बंब एकाच वेळी चालू होते. बटण वर केल्यावर दिवे आले, ओव्हन आला, छपरावरचा सायरन काही आला नाही. मी मे महिन्यातच सांगितलं होतं की तो वाजण्याआधी गुरगुरतोय. कमिटीने लिहून घेतलं होतं. बाहेरगावाहून आणलेल्या फुल-फॉरवर्डला, म्हणजे गोल मारणाऱ्या मुख्य खेळाडूला, पेट्रोलसकट द्यायला पैसे होते, सायरनला नव्हते. (त्या फुल-फॉरवर्डने त्या दिवशी समोरून तीन सोपे गोल चुकवले. हेही कुणीतरी लिहून घ्यायला हवं होतं.)

मग कपाटातून हातातला गॅसचा भोंगा काढला, डब्यावर कर्णा बसवलेला असतो तो. या भोंग्याची गंमत अशी की गॅस बाहेर पडताना डबा गार पडतो, आणि गार पडला की आवाज बारीक होतो. तिसरा क्वार्टर त्याच्यावर सुरू केला आणि संपवला, चौथा सुरू केला, तोवर डब्याला हात लावला तर फ्रिजमधल्या बाटलीसारखा. अंपायरांना जाऊन सांगितलं की आता हातातला भोंगा असेल. दोघांनी माना हलवल्या. एकदा वाजवून दाखवतो, ऐका, असं म्हणायला हवं होतं. आणि क्लबरूमचं दार उघडं ठेवायला आम्ही जी जुनी पितळी घंटा वापरतो, ती उचलून टेबलावर ठेवायला हवी होती. सायरन येण्याआधी हा खेळ घंटेवरच चालायचा. हे मला रात्री अंथरुणात सुचलं.

वारा उत्तरेचा, चांगलाच जोराचा. आमची खोली दक्षिणेच्या कोपऱ्यात. शेवटच्या क्वार्टरमध्ये वारा आमच्या संघाच्या पाठीशी होता आणि दोनेक मिनिटं राहिली असताना आम्ही गोल मारून ६२-६० पुढे गेलो. इथे गाड्या कुंपणाला नाक लावून मैदानाभोवती उभ्या असतात. पाऊस असो, थंडी असो, लोक काचेआडून सामना बघतात आणि गोल झाला की टाळ्यांऐवजी हॉर्न. तेव्हा हॉर्न वाजले ते ठीकच. पण आमच्या कुणीतरी मोबाइलवर स्वतःची वेळ लावली होती आणि ती मध्ये थांबवली नव्हती. त्याच्या हिशेबाने सामना संपला होता. त्याने हॉर्न दाबला. शेजारच्याने दाबला. मग सगळ्या रांगेने.

चेंडू तोवर उत्तरेच्या टोकाला गेला होता, वाऱ्याविरुद्ध, आमच्यापासून सव्वाशे मीटर तरी लांब. आत्या सेकंद मोजत होती. दोन्ही घड्याळांत २०:०० झाले. मी माझं घड्याळ थांबवलं आणि भोंगा दाबला.

आवाज निघाला तो रेडकू ओरडावं तसा.

नियमात दोन वाक्यं आहेत. अंपायरने ऐकल्याची खूण करेपर्यंत टाइमकीपरने भोंगा वाजवत राहायचं. आणि खेळ संपतो तो घड्याळात वेळ संपते तेव्हा नाही, भोंगा वाजतो तेव्हाही नाही. मैदानातल्या एका तरी अंपायरला तो ऐकू येतो तेव्हा. मी दाबून धरला. अंपायर पळतोच आहे. चेंडू हवेत गेला. आमचे दोघे आणि त्यांचा एक उडाले, त्यांच्या पोराच्या हातात तो बसला. गोलपासून पंचवीस मीटर. मार्कची शिट्टी झाली. त्यानंतर कधीतरी अंपायरने मान वळवली आणि दोन्ही हात डोक्यावर नेले.

आत्याने आपलं घड्याळ चालूच ठेवलं होतं. त्यात २०:०७ होते.

पोराने शांतपणे मोजे वर ओढले आणि वाऱ्यात किक मारली. गोल. ६६-६२. हॉर्न एकदम बंद झाले. आमच्याच माणसांनी आमचाच भोंगा गिळला होता.

त्या सात सेकंदांत मी डबा हलवला, हे नक्की. आवाज बारीक झाला म्हणून हलवला. शेतात तणनाशकाचा हातपंप अडकला की मी काय करतो? बोट उचलतो, हलवतो, पुन्हा दाबतो. हाताला हीच सवय आहे. पण त्या दिवशी दाबून धरूनच हलवला, असंही डोळ्यांसमोर येतं.

रविवारी सकाळी क्लबचे अध्यक्ष लॅमिंग्टन केकचा डबा घेऊन दारात. २००६ चा किस्सा इथे लहान पोरांनाही पाठ आहे. ३० एप्रिल २००६, टास्मानियात लॉन्सेस्टन. एएफएल या देशातल्या सर्वोच्च लीगचा सामना. फ्रीमँटलचा संघ एका गुणाने पुढे असताना सायरन वाजला, अंपायरांना ऐकू आला नाही, खेळ चालू राहिला आणि सेंट किल्डाने एक गुण मिळवून बरोबरी साधली. काही दिवसांनी एएफएलने निकाल फिरवून सामना फ्रीमँटलला दिला, कारण अंपायरने दखल घेईपर्यंत टाइमकीपरांनी सायरन वाजवत ठेवला नव्हता. म्हणजे मी भोंगा सलग वाजवला असेल तर माझं काम चोख आणि आमचा क्लब हरला. मध्ये सोडला असेल तर चूक माझी, आणि त्याच चुकीमुळे आमचा क्लब कदाचित जिंकला.

अध्यक्ष म्हणाले, ‘तू बोट उचललंस ना? आपल्याला फक्त खरं ते लिहायचंय.’

माणूस वाईट नाही. पण आठवण अशी सोयीच्या बाजूने आली की मला तिचीच भीती वाटते. शुक्रवारी रात्री मला विचारलं असतं की तुला जिंकायचंय का, तर मी हो म्हटलं असतं. मग सोमवारी मला आठवणारं बोट कुणाचं?

लीगला मी लिहून दिलं: ‘डबा हलवला. त्या वेळी बटण क्षणभर सुटलं असण्याची शक्यता आहे. खात्रीने सांगता येत नाही.’ आत्याने लिहिलं: ‘मी शेजारी होते. आवाज सलग होता.’ दुसऱ्या अंपायरने जे लिहिलं ते मला अजून कुरतडतंय. म्हणे, काहीतरी आवाज कानावर आला होता, पण गाडीचा हॉर्न वाटला. कानावर पडणं आणि ऐकू येणं यांत आपल्याकडे फरक आहे. नियमात कुठला धरायचा? लीगने त्या वाक्याला हातच लावला नाही. तीन ओळींचं पत्र आलं, निकाल कायम. हा प्रश्न हाताळायची हिंमत नव्हती, की वेळ नव्हता, देव जाणे; फायनल्स पाच दिवसांवर होत्या.

पाहुणे फायनल्समध्ये पहिल्याच सामन्यात पडले. फुल-फॉरवर्ड दुसऱ्या क्लबकडे गेला. मला कुणी एक शब्द बोललं नाही. इथले शेतकरी रागावले की पावसाबद्दल बोलतात. त्या गुरुवारी जेवताना माझ्याशी सगळे पावसाबद्दल बोलले.

कुणाच्या तरी मोबाइलवर त्या सात सेकंदांचं चित्रण आहे. चाळीसेक वेळा ऐकलं असेल. भोंगा सुरू होतो, मग अगदी जवळच्या गाडीचा लांबलचक हॉर्न, आणि तो थांबतो तेव्हा भोंगा चालूच असतो. मधलं त्या हॉर्नखाली आहे.

या एप्रिलमध्ये छपरावर नवा सायरन बसला. मे महिन्यात पाहुण्यांचा सामना पुन्हा आमच्याकडे होता. आत्या आली, उशी ठेवली, थर्मास उघडला. पहिला क्वार्टर निम्मा झाल्यावर मान न वळवता म्हणाली, ‘त्या दिवशी कानातलं मशीन घरी राहिलं होतं. डाव्या कानाचं.’

मी नेहमी तिच्या डावीकडे बसतो.

मी काही बोलणार, तेवढ्यात मैदानात अंपायरने हात वर केला. आम्ही दोघांनी घड्याळं थांबवली.