तुम्ही विचारलंत म्हणून: मागचा तो डिफ्यूझर खरंच काही करतो का?

गाडी कुठे उभी केली की दहा मिनिटांत कोणीतरी मागे वाकून खाली बघतं आणि मग तेच दोन प्रश्न, हे घरी केलंय का, आणि याने खरंच काही होतं की नुसतं दिसायला लावलंय. पहिल्याचं उत्तर हो, पत्रा कापण्यापासून शेवटचा नट आवळेपर्यंत सगळं घरी, स्वतः बांधलेल्या किट कारला, म्हणजे सुटे भाग आणून घरी जुळवलेल्या गाडीला. दुसऱ्याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

आधी एक गोष्ट. डिफ्यूझर म्हणजे मागे चढत गेलेला तो पत्रा, पण त्याचा खरा परिणाम दिसतो त्याच्या पुढे. गाडीच्या पोटाखालून हवा अरुंद फटीतून जाते, मागे जागा हळूहळू वाढत गेली की हवेचा वेग कमी होतो आणि दाब वाढत वाढत बाहेरच्या दाबाजवळ येतो. बाहेर पडतानाचा दाब जवळपास ठरलेला आहे, मग जिथून चढ सुरू होतो तिथला दाब त्याहून कमी असायलाच लागतो, आणि तोच कमी दाब गाडीला खाली ओढतो. म्हणजे त्या जागी आणि तिच्या पुढे सपाट, बंद फ्लोअर पाहिजे. फॉर्म्युला वन रेसिंगमधल्या लोटस टीमने १९७७ मध्ये ७८ नंबरची गाडी आणि पुढच्या वर्षी ७९ आणली तेव्हा सगळा खेळ गाडीखालच्या हवेचाच होता, बाजूने हवा आत घुसू नये म्हणून स्कर्ट, म्हणजे कडेला जमिनीपर्यंत उतरणाऱ्या पट्ट्या लावल्या होत्या, आणि १९७८ ला लोटसचा ड्रायव्हर मारिओ आंद्रेत्ती चॅम्पियन झाला. पुढे १९८३ पासून फॉर्म्युला वनमध्ये सपाट फ्लोअर सक्तीचा झाला आणि मग सगळ्यांचं डोकं मागच्या चाकांमागच्या त्या चढावर लागलं.

माझ्या गाडीला खालून काय होतं, तर चौकोनी पाइपची चासी, मधे गिअरबॉक्स, त्याची ताकद मागे नेणारा प्रॉपशाफ्ट, मागे ती दोन्ही चाकांना वाटणारं डिफरन्शियल, आणि सगळं उघडं. मी पहिला डिफ्यूझर केला तो तसाच मागे टांगला. अॅल्युमिनियम कॉम्पोझिट शीट, ती ३ मिमीची, दोन बाजूंना पातळ पत्रा आणि मधे प्लास्टिक, कारण कापायला सोपी, मागून खाच मारली की हाताने दुमडते. कोन ठेवला १५ अंश, कारण तसा छान दिसत होता, आणि तो कोन ठेवायला दुसरं काही कारण नव्हतं हे आज सांगायला हवं.

मग मोजलं. या भागात मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय आणि विचारणाऱ्यांपैकी फार थोडे इथपर्यंत येतात, म्हणून सविस्तर सांगतो. पत्र्याला बारीक भोक, त्यात खालून पत्र्याशी सपाट बसलेली नळी, ती नळी कॉकपिटमध्ये आणून पारदर्शक नळीच्या यू आकारात रंगीत पाणी. ताशी १०० किमीला समोरून येणाऱ्या हवेचा दाब सुमारे ४७० पास्कल भरतो, पाण्याच्या भाषेत ४८ मिमी, म्हणजे साध्या पट्टीवर वाचता येईल असा आकडा आहे. अडचण दुसऱ्या टोकाची. ते कॉकपिटमध्ये उघडं ठेवलं तर कॉकपिटचा दाबही वेगाबरोबर बदलतो, म्हणून मी ते झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत घातलं, आणि आकडे वेड्यासारखे फिरायला लागले. दोन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला की बंद बाटलीतली हवा १ अंशाने तापली तरी दाब साधारण ३४५ पास्कल वाढतो, म्हणजे पाणी ३५ मिमी सरकलं, मला जे मोजायचंय त्याच्या कितीतरी पट. बाटलीच्या जागी थर्मास आला, प्रत्येक फेरीआधी टोपण उघडून पाणी समान करायचं, पुन्हा बंद, आणि लगेच धावायचं. रस्त्याचा तुकडा एकदम सपाट लागतो कारण १ मीटर चढलात तरी १ मिमीच्या वर फरक पडतो. यू नळी गाडीला आडवी बांधायची, नाहीतर ब्रेक किंवा अॅक्सिलरेटरबरोबर पाणी पुढे-मागे डुचमळतं. वाचन फोनच्या कॅमेऱ्यावर, स्पीडोमीटर त्याच फ्रेममध्ये. हे सगळं बंद ट्रॅकवर, रस्त्यावर पट्टी बघत गाडी चालवायची नाही.

चढ सुरू होतो तिथला आकडा आला ताशी १०० ला बाहेरच्यापेक्षा २ ते ३ मिमी कमी. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पत्र्याला खालून लोकरीचे तुकडे चिकटवून मागून दुसऱ्या गाडीतून बघितलं तर मधले तुकडे चक्क उलटे, पुढच्या दिशेला फिरत होते, हवा पत्रा सोडून देत होती. इतका चढ हवेला पेलवला नव्हता. त्यात सायलेन्सरजवळचा भाग महिन्याभरात लोंबायला लागला, कारण त्या शीटच्या मधलं पॉलिथिलीन शंभर-एकशेदहा अंशाच्या आसपासच मऊ पडतं. तो सगळा पत्रा काढून टाकला.

दुसऱ्या वेळी सुरुवात फ्लोअरपासून केली. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकापासून मागच्या चाकांपर्यंत पूर्ण बंद, १.५ मिमी अॅल्युमिनियमचा पत्रा, तीन तुकड्यांत, प्रत्येक तुकडा क्वार्टर टर्न फास्टनरवर, पाव वळसा दिला की सुटतात त्या, म्हणजे अर्ध्या मिनिटात निघेल असा. आणि इथे कळकळीने सांगतो, फ्लोअर बंद केला की गळलेलं पेट्रोल किंवा ऑइल आता जमिनीवर पडत नाही, तुमच्या खाली पत्र्यावर साठतं, वर गरम सायलेन्सर आहे. सगळ्यात खोल जागी निचऱ्याची भोकं ठेवा आणि प्रत्येक वेळी गाडी बाहेर काढण्याआधी पत्रा खाली उतरवून हात फिरवा. डिफरन्शियलचं तापमानही वाढतं, तिथे मी मागे उघडणारी फट ठेवलीय.

डिफ्यूझरचा आकार आधी पुठ्ठ्यात केला. गाडी पाणसळीने सरळ करून स्टँडवर, चासीच्या खुणा ओळंब्याने जमिनीवर उतरवल्या, तिथून माप. ७०० मिमी लांबीला ९ अंश, म्हणजे मागची कड साधारण १११ मिमी वर. पत्रा घेताना बघून घ्या, अॅल्युमिनियमचा सहज वाकणारा ५२५१ सारखा ग्रेड घ्या, ६०८२ टी६ मजबूत असतो पण घट्ट दुमडला की वळणावर तडा जातो. मी दोन लोखंडी अँगलमध्ये पत्रा धरून क्लॅम्प आवळले आणि लाकडी मोगरीने हळूहळू सगळ्या लांबीवर दुमडत गेलो. एका टोकाला पूर्ण दुमडून पुढे गेलात तर पत्रा पीळ घेतो. आत चार उभ्या पट्ट्या, हवेच्या दिशेने, बाहेरच्या दोन पट्ट्या चाकांनी उडवलेली घाण हवा आत येऊ देत नाहीत आणि चारही मिळून पत्र्याला ताठपणा देतात.

बसवताना पुढची कड फ्लोअरच्या पत्र्याच्या वर सरकवायची, कौलं एकमेकांवर बसतात तसं, म्हणजे खालून येणाऱ्या हवेला अडणारी कड समोर येत नाही. सगळे आधार चासीवर, बॉडीवर किंवा हलणाऱ्या सस्पेन्शनवर एकही नाही. ज्यांच्या गाडीला मागे सलग अॅक्सल आहे, म्हणजे डिफरन्शियलसकट सगळा दांडा चाकांबरोबर हलतो, त्यांना तो वर-खाली होण्याएवढी जागा कापावी लागेल, माझं डिफरन्शियल चासीला धरलेलं आहे म्हणून वाचलो. तरी स्प्रिंग काढून चाकं शेवटपर्यंत वर उचलून बघितली, कुठे काही घासत नाही ना. सायलेन्सरपासून ४० मिमी आणि मधे हीट शील्ड. एम६ चे नट, नायलॉनवाले, खाली मोठे वॉशर, आणि स्टील बोल्ट अॅल्युमिनियमला लागतो तिथे पेस्ट लावा नाहीतर दोन पावसाळ्यांत पांढरी पावडर सुटते.

मग पुन्हा पाण्याची नळी. चढ सुरू होतो तिथे १०० ला १४ मिमी कमी. मागे जाल तसं कमी होत जातं, सरासरी निम्मं धरलं तर ०.७ चौरस मीटरच्या पत्र्यावर सुमारे ५ किलोचा ओढ. १६० ला वेगाच्या वर्गाने वाढून साडेबारा-तेरा किलो. फ्लोअरवरचा ओढ वेगळा, तो मी अजून पूर्ण मोजलेला नाही. म्हणून बसवल्यावर पत्र्यात ४० किलो वाळूच्या पिशव्या ठेवून रात्रभर सोडलं, तिपटीच्या आसपास, कारण हे जर वेगात सुटलं तर मागून येणाऱ्याच्या काचेवर जाईल आणि त्या विचाराने मला झोप आली नसती.

गाडी फास्ट झाली का? लॅप टाइम सांगत नाही, टायर आणि हवामान बदललं की तो आकडा खोटा पडतो. लांब वेगवान वळणात मागचा भाग आता शांत असतो हे मात्र नक्की, आणि त्याच वळणात पुढची चाकं आधीपेक्षा बाहेर जातात, कारण हवेने खाली दाबणं वाढलं ते फक्त मागे. म्हणून सध्या पुढचा स्प्लिटर, म्हणजे नाकाखाली पुढे येणारा आडवा पत्रा, पुठ्ठ्यात कापून ठेवलाय.

ज्यांनी ड्रॉइंग मागितलंय त्यांना ७०० आणि ९ हे दोन आकडे वर दिलेत, बाकीची मापं माझ्या चासीची आहेत ती तुमच्या कामाची नाहीत. पुठ्ठा घ्या आणि गाडीखाली झोपा.