तुळईतली कडी

नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिकेची, म्हणजे मालकीच्या सरकारी उताऱ्याची, नक्कल आणली, तेव्हा नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराचा सगळा इतिहास दीड पानात मावलेला पाहून मला जरा वाईटच वाटले. पणजोबा, आजोबा, मग वडील आणि काका, अशी धारकांची नावे फेरफारांच्या तारखांसह ओळीने दिलेली होती. ‘पट्टेदार’ नावाचे कलमही होते, पण ते कोरे. समोरच्या खोलीत भाडेकऱ्यांची पाच-सहा बिऱ्हाडे नांदून गेली, त्यांतल्या एकाचीही सरकारदरबारी नोंद नाही.

ती नोंद ठेवली आहे एका लोखंडी कडीने. त्या खोलीत, माळ्याखालच्या सागवानी तुळईत, पणजीने आजोबांच्या पाळण्यासाठी ती बसवून घेतली, असे आमच्याकडे सांगतात. पुढे खोली भाड्याने गेली ती एम्प्रेस मिलमधल्या एका कामगाराला. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या या मिलच्या भोंग्यावर तेव्हा सगळ्या मोहल्ल्याचे घड्याळ चाले. रातपाळी करून आलेला हा माणूस दिवसा झोपायचा, म्हणून आजी पोरांना चौकात गोट्यासुद्धा खेळू देत नसे. कडीला त्याचा कंदील टांगलेला असे.

त्याच्यानंतर सचिवालयातला एक हिंदी भाषक कारकून आला. नागपूर त्या वेळी राजधानी होते आणि सचिवालयातला भाडेकरू मिळणे हा घरमालकाचाही थोडा मान होता. त्याच्या दोन मुलींचे पाळणे त्याच कडीला लागले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागोमाग हे बिऱ्हाडही. धाकटी तेव्हा रांगतही नव्हती. तरी जाताना त्या बाईंनी पाळण्याच्या साखळ्या सोडून आजीच्या हाती दिल्या, कारण आजीचे दिवस भरत आले होते. माझी आत्या त्याच साखळ्यांवर झुलली.

पुढचे बिऱ्हाड मात्र हललेच नाही, आणि त्याचे श्रेय १९४९ च्या भाडेनियंत्रण आदेशाला द्यावे लागेल. परवानगीवाचून भाडेकऱ्याला काढता येत नसे आणि भाडेही मनासारखे वाढवता येत नसे. त्यामुळे आजोबा दर पावसाळ्याआधी कवेलूंच्या खर्चावरून कुरकुरत आणि भाडेकरू गुरुजी गळत्या जागी मुकाट्याने पातेले ठेवत. (दोघांचेही बरोबर होते, असे आता वाटते, तेव्हा मी अर्थातच आजोबांच्या बाजूने होतो.) गुरुजींनी कडीला विजेचा पंखा लटकवला, तरी मे महिन्यात खिडकीला वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी मारल्याशिवाय त्या खोलीत बसवत नसे.

आता घर पाडायचे ठरले आहे. गेल्या आठवड्यात जुन्या सागवानाचा एक व्यापारी टेप घेऊन आला आणि तुळया मोजता मोजता कडीपाशी थांबला. “याच्यात भोकं लई आहेत, काकाजी. थे कमी भावातच जाईन,” तो म्हणाला. भावाची घासाघीस मला कधीच जमली नाही. कडी तेवढी मी काढून घेतो, एवढेच त्याला सांगितले. मग शिडीवर चढून पाहिले, तर ती तुळईतून आरपार घालून वरच्या बाजूने ठोकून वाकवलेली निघाली; तुळई चिरल्याशिवाय ती सुटणार नव्हती.