पिशवी आणलीय का?

डोंबिवली पूर्वेला स्टेशनबाहेर बसणाऱ्या भाजीवाल्या मावशी गिऱ्हाइकाचा चेहरा नंतर बघतात, आधी हात बघतात. हात रिकामे दिसले की भाव सांगायच्या आधीच प्रश्न येतो, "पिशवी आणलीय का दादा?" वय वर्षं छप्पन्न, डोक्यावर मोजके केस आणि तेही पांढरे, पण 'नाही' म्हणताना गृहपाठाची वही घरी विसरल्यासारखी मान खाली जाते. मग मावशी उजवीकडे बघतात, डावीकडे बघतात, बुडाखालचं गोणपाट बोटभर उचलतात आणि एक पातळ, पांढुरकी, प्लॅस्टिकची पिशवी बाहेर काढतात. "घ्या. पुढच्या वेळेला आणा मात्र." पुढच्या वेळेलाही हाच संवाद होतो. फक्त भेंडीच्या जागी गवार असते.

आमचे अण्णा बाजाराला निघाले की त्यांच्याआधी पिशव्या निघत. दाराच्या मागच्या खिळ्याला दोन पिशव्या असायच्या, दोन्ही अण्णांच्याच एका जुन्या टेरिकॉटच्या पँटीतून आईने शिवलेल्या. एका पायाची एक. रंग तपकिरी. पँट असताना अण्णा तिला कडक इस्त्री करत, त्यामुळे पिशवी झाल्यावरही तिच्या मधोमध ती धार दिसायची. आत उभा दुधी घातला की पँटीत पुन्हा पाय आल्यासारखा वाटे. मला त्या पिशवीची लाज वाटायची. शाळेतलं कुणी रस्त्यात दिसलं की मी ती पाठीमागे धरायचो.

पण ती भरणं ही एक विद्या होती, आणि ती अण्णांना येत होती. कांदे-बटाटे तळाला, त्यावर दुधी किंवा कोबी, मग वांगी, मग टोमॅटो, आणि कोथिंबिरीची जुडी अगदी वर, तोंडातून बाहेर डोकावणारी. बाजाराचा क्रमही त्यानुसार ठरायचा. टोमॅटो पहिल्यांदा कितीही छान दिसले तरी आधी कांदेवाल्याकडे जायचं. दुसरी पिशवी फळांची आणि वाण्याकडच्या पुड्यांची. दोन्ही भरल्या की बाजार संपला. आणखी काही स्वस्त दिसलं तर अण्णा म्हणत, "पिशवीत जागा नाही." खिशात पैसे नाहीत हे सांगायची ती त्यांची पद्धत होती, हे मला फार उशिरा कळलं.

मग फुकटची कॅरीबॅग आली आणि खिळा रिकामा झाला. मला त्यात आपला आळस फारसा दिसत नाही. दिसतो तो एक शब्द, 'येताना'. अण्णा बाजाराला 'जात'. मी आयुष्यात फार कमी वेळा बाजाराला गेलोय. मी बाजारातून येतो. सकाळी डबा, छत्री, पास घेऊन लोकल पकडायची, संध्याकाळी गाडीत उभ्या उभ्या फोन येतो, "येताना कोथिंबीर आण." जाणाऱ्याच्या हातात पिशवी असते. येणाऱ्याच्या हातात काय असणार? दिवसभराचा घाम. फुकटची पिशवी निघाली ती या 'येताना'वाल्यांसाठी. उपनगरात राहणारी, घर आणि पगार यांच्या मध्ये दीड तास लोंबकळणारी जमात तिने पोसली. प्लॅस्टिकबंदीचा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मात्र अजून सकाळी आंघोळ करून बाजाराला जाणारे अण्णाच असावेत.

घाऊक बाजारात या पिशवीला झबला म्हणतात. मला हे नाव फार आवडतं. वर दोन खांदे, मध्ये गळा, खाली घोळ. हुबेहूब तान्ह्या बाळाचं झबलं. इंग्रजीत तिचं नाव टी-शर्ट बॅग. तिकडच्यांना तिच्यात मोठ्या माणसाचं अंगातलं दिसलं, आपल्याला बाळाचं. हे झबलं शिवणारा माणूस स्वीडनचा, स्टेन गुस्टाफ थुलिन. सेलोप्लास्ट नावाच्या कंपनीत तो अभियंता होता आणि १९६५ साली या पिशवीचं पेटंट झालं. एक सपाट नळी घ्यायची, तळ चिकटवायचा, वरचा तुकडा कापायचा, झाली पिशवी. कागदी पिशव्यांसाठी झाडं तुटतात, त्यापेक्षा ही बरी, पुन्हा पुन्हा वापरता येईल, असा त्यामागे हिशेब होता. त्याच्या मुलाने पुढे सांगितलं, की वडील स्वतः एक पिशवी घडी करून कायम खिशात बाळगत. हे वाचल्यावर मला थुलिनसाहेब एकदम अण्णांच्या शेजारी उभे दिसले. दोघांच्या खिशात पिशवी, आणि फेकून देण्याची अक्कल दोघांनाही नाही!

ती अक्कल आपण शिकलो. जुडी दोन रुपयांची असतानाही तिला एक झबलं, लिंबांना एक, मिरच्यांना एक, आणि ही सगळी झबली ठेवायला एक मोठं झबलं. अण्णांची रचनेची विद्या त्याच दिवशी संपली. कांदा कांद्याच्या झबल्यात, टोमॅटो टोमॅटोच्या. एकमेकांच्या अंगावर पडायचा प्रश्नच नाही. घरी आल्यावर ही सगळी झबली स्वयंपाकघराच्या दारामागे, त्याच जुन्या खिळ्याला लटकवलेल्या एका झबल्यात कोंबायची. ते झबलं फुगत फुगत पुढे दार उघडेनासं होईपर्यंत. आमच्याकडे ही पिशवी साफ करायची कुणाची हिंमत नाही. 'लागतात कधीतरी' हे आमच्या घरातलं ब्रह्मवाक्य आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबई बुडाली, इकडे कल्याण-बदलापूरपर्यंत पाणी चढलं. पाणी ओसरल्यावर नाल्यांच्या तोंडाशी अडकलेल्या पिशव्या दिसल्या आणि सगळ्यांची बोटं तिकडे वळली. मिठी नदी कुणी आवळली, याच्यापेक्षा तो विषय बोलायला सोपा होता हेही खरं. पुढच्याच वर्षी राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई केली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मग थेट २०१८. मार्चमध्ये अधिसूचना निघाली आणि २३ जूनच्या शनिवारपासून दंड सुरू झाला. जाडी-बिडी काही नाही, प्लॅस्टिकची कॅरीबॅग सरसकट बंद. पहिल्यांदा सापडलात तर पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. त्या आठवड्यात डोंबिवलीत माणसं उशांचे अभ्रे घेऊन मासळी बाजारात आलेली मी पाहिली आहेत. बोंबील अभ्र्यात घेऊन गेलेल्या त्या गृहस्थांच्या घरी रात्री काय झालं असेल, याचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

मायक्रॉनचं हे प्रकरण मला बरेच दिवस कळत नव्हतं. जाड पिशवीत तर प्लॅस्टिक जास्त. मग पातळ पिशवीवर राग का? केंद्राने तर किमान जाडी आधी ५० मायक्रॉन ठरवली, २०२१ मध्ये ७५ वर नेली आणि २०२२ संपता संपता १२०. आमच्या सोसायटीच्या कचऱ्यातून भंगार वेगळं करणाऱ्या बाईंनी मला एका वाक्यात समजावलं. "ही उचलून काय करू? किलोभर व्हायला दिवस जाईल." त्यांना पैसे वजनावर मिळतात. बाटली वाकून उचलली तर हाताला काहीतरी लागतं. खरकट्याने माखलेलं पातळ झबलं काही ग्रॅमांचं. ते शेकडो वेळा वाकून गोळा करायचं, तरी भंगारवाला नाक मुरडणार. म्हणून ते पडून राहतं, उडतं, गायीच्या पोटात जातं, नाल्यात जातं. जाड पिशवीला भंगारात भाव असतो, आणि दुकानदाराला ती इतकी महाग पडते की तो ती फुकट वाटत नाही. पिशवीला किंमत यावी एवढाच तो सगळा मायक्रॉनचा खटाटोप.

मोठ्या दुकानांनी ही गोष्ट चटकन हेरली. तिथे बिल करणारी मुलगी गोड आवाजात विचारते, "सर, कॅरीबॅग हवीय?" आणि 'हो' म्हटलं की दहा-बारा रुपये वाढतात. वर त्या पिशवीवर दुकानाचं नाव हातभर अक्षरांत. म्हणजे जाहिरात त्यांची, हमाली आपली, आणि पैसेही आपलेच. चंदीगडच्या एका गिऱ्हाइकाला हे सहन झालं नाही. बुटांच्या दुकानात पिशवीचे तीन रुपये लावले म्हणून तो ग्राहक मंचात गेला. २०१९ मध्ये मंचाने त्या कंपनीला, सगळं मिळून, नऊ हजार रुपये भरायला लावले. मला त्या माणसाचं फार कौतुक आहे. तीन रुपयांसाठी भांडणं सोपं, पण तीन रुपयांसाठी तारखांना जायचं म्हणजे वेगळ्याच मातीचा माणूस हवा.

आणि ती 'कापडी' पिशवी! लग्नात, मिठाईच्या दुकानात, साडीच्या दुकानात मिळते ती, लाल-हिरवी, अंगावर बारीक ठिपक्यांची नक्षी असलेली. ती कापडी नाही. तिचा एक कोपरा कापून मी मेणबत्तीवर धरून पाहिला. सुती कापड जळून राख होतं. हा तुकडा आक्रसला, वितळला आणि त्याचा काळा मणी झाला. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच. चार वेळा धुतली की ती पापुद्र्यांनी गळायला लागते, आणि स्वयंपाकघरभर लाल धूळ होते. बायको म्हणाली, "मेणबत्ती कशाला पेटवलीस, मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

मावशींची बाजू मी एकदा विचारली. "पिशवी आम्हाला फुकट येते का?" त्या म्हणाल्या. "नाही म्हटलं तर गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे जातंय. दिली आणि पालिकेची गाडी आली, तर पाच हजार दंड. पाच हजारांत माझी चार दिवसांची भाजी येते." पलीकडून कुणीतरी "गाडी!" असं ओरडलं की गोणपाट, पिशव्या आणि मावशी एका श्वासात गायब होतात. त्या खेळात गिऱ्हाइकाला काहीच होत नाही. मागतो आम्ही, पळतात त्या. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे पिशवी मागायची नाही असं ठरवलं. ठरवलं खरं, पण पिशवी खिशात ठेवायची हे काही लक्षात राहिलं नाही.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी फोन आला, "येताना ओल्या शेंगा मिळाल्या तर बघ." मिळाल्या. मातीसकट, ताज्या. मावशींनी किलोभर तोलल्या आणि माझ्या हातांकडे बघितलं. डब्याची पिशवी भरलेली. पाऊस थांबला होता. हातात लांब दांड्याची काळी छत्री होती, अण्णांचीच. मी ती बंद करून उलटी धरली, काड्यांच्या मधला घोळ मोकळा केला आणि म्हटलं, "यात ओता." मावशी दोन क्षण बघत राहिल्या, मग त्यांनी शेंगा ओतल्या. छान बसल्या. वर मी पट्टा आवळून बटण लावलं. शेजारच्या लिंबूवाल्याने हात जोडून नमस्कार केला.

पुलाच्या मधोमध पोचलो आणि आभाळ फाटलं. फटाफट छत्र्या उघडल्या. मी शेंगांची छत्री छातीशी धरून भिजत चाललो होतो. एक कॉलेजातली मुलगी जवळ आली, "काका, छत्री उघडत नाहीये का? देऊ उघडून?" आणि तिने हात पुढे केलासुद्धा. मी "नको, नको!" असा ओरडलो, की ती घाबरून चार पावलं मागे गेली. घरी पोचलो तेव्हा माझ्या शर्टातून पाणी गळत होतं आणि छत्रीतून चिखल.

बायकोने दार उघडलं. आधी मला बघितलं, मग छत्रीला. काही बोलली नाही. आतून परात आणली, छत्री परातीत सोडवली, शेंगा धुतल्या आणि मीठ घालून उकडायला ठेवल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या डब्याच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात चार पदरी घडी केलेलं काहीतरी तपकिरी होतं. उलगडलं. मधोमध इस्त्रीची धार. माझी ती पँट अजून चार-पाच वर्षं चालली असती, असं मी तिला सांगणार होतो, पण लोकलची वेळ झाली होती.